टिकारामची कलकत्त्याची काठी

छोट्या लाइनीची गाडी वेळेवर आली की बालाघाटातली माणसं आधी स्वतःच्या घड्याळावर संशय घेत. त्या दिवशी ती खरोखरच वेळेवर आली, आणि तिच्यातून उतरलेल्या एका पार्सलानं खाणीच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, जो धुरळा उडवला, तो दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन गेली तरी खाली बसला नाही.

पार्सल होतं बाईमाणसाच्या उंचीएवढं लांब आणि वीतभर रुंद. गोणपाटात शिवलेलं, शिवणीवर लाखेचे ठसे. हमालानं ते खांद्यावर घेतलं तेव्हाच दोन-चार रिकामटेकडे मागे लागले, आणि मेश्रामांच्या दारापर्यंत येता येता त्यांची वरात झाली. कोणी म्हणे बंदूक, कोणी म्हणे साहेबाची दुर्बीण. पत्ता मात्र स्पष्ट होता. महागू मेश्राम, खाण लाइन, बालाघाट. आणि महागू म्हातारा तर दाराशी असा ऐटीत बसला होता, जसं काही त्याला दर आठवड्याला कलकत्त्याहून पार्सलं येत होती.

"टिकारामले उठवा," तो म्हणाला. "त्याचंच हाय ते."

टिकाराम म्हणजे त्याचा मुलगा. रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. डोळे चोळत, बनियनवरच तो बाहेर आला. त्याची बायको सत्यभामा विळा घेऊन आली आणि तिनं शिवण उसवली. आतून निघाली काळी, पितळी कडीची पेटी. पेटीत लाल मखमल. आणि मखमलीवर एक काठी निजलेली. बुडाकडे काळंभोर शिसव, वर निमुळतं होत गेलेलं गोरं लाकूड, टोकाला चामड्याची इवलीशी टिकली, आणि बुडाशी पितळेची पट्टी. पट्टीवर कोरलं होतं, टिकाराम महागू मेश्राम.

"काठी?" गर्दीतून कोणी तरी ओरडलं. "अबे, जंगल आपल्या दारात हाय अन् काठी कलकत्त्याहून?"

हशा पिकला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत क्लबातला बाबूलाल पुढं आला. बाबूलाल म्हणजे खाणीच्या क्लबातला मार्कर. बिलियर्डच्या टेबलाची झाडपूस करणं आणि खेळताना गुण सांगणं ही त्याची नोकरी. त्यानं काठी दोन्ही हातांनी उचलली, एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "हँसो मत, मूर्खों. क्यू है ये. नाप देकर बनवाई है. टिकाराम के नाप की."

मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात एकदा टिकाराम गाढ झोपला असताना बापानं सुतळीनं त्याचा हात मोजला, उंची मोजली आणि सुतळीला गाठी मारून ती बाबूलालच्या हवाली केली होती. बाबूलालचा मेहुणा कलकत्त्यात अशाच एका दुकानात कामाला होता. रिटायर झाल्यावर महागूच्या हातात जो काही फंडाचा पैसा आला, त्यातला भलामोठा वाटा या काठीत गेला होता. एवढ्या पैशात बैलजोडी आली असती, असं लाइनीतल्या शहाण्यांचं मत पडलं. सत्यभामाचं मत त्याहून कडक होतं, पण सासऱ्यासमोर तिनं ते पदरात बांधून ठेवलं.

"काहून घेतली, बा?" टिकारामनं विचारलं.

"घेतली," महागू म्हणाला. "मंडईले याच काठीनं खेळशील. गोंदियावाला भोजराज येते नं? त्याच्यासंगं."

"हौ, बा," टिकाराम म्हणाला.

आता हा टिकाराम कोण, तर नाव घ्यावं असा कोणी नाही. जन्म आजोळी, राजेगावजवळच्या धानाच्या गावात. वाढला खाणीच्या लाइनीत. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा गणितानं त्याला ओळख दाखवली नाही. मग खाणीत लागला, खाली साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर. पंप चालू असला की काम नाही, बंद पडला की जिवाचा आटापिटा. असा माणूस एक तर आळशी होतो नाही तर जपून वागणारा. टिकाराम जपून वागणारा झाला, आणि तोही इतका की लोकांनी हसावं. नवी छत्री घेतली तेव्हा पाऊस आल्याबरोबर ती बगलेत दाबून भिजत घरी आला. का, तर नवीकोरी छत्री ओली होईल. लग्नातला सदरा त्यानं पेटीत असा जपून ठेवला की काढला तेव्हा तो त्याच्या अंगाला पुरेना.

एकच गोष्ट तो जपून करत नसे. खेळ.

गोरे साहेब एकेक करून गेले तेव्हा क्लब आधी ओस पडला आणि मग सगळ्या नोकरवर्गासाठी उघडला. हिरव्या कापडाचं ते अजस्र टेबल पाहायला टिकाराम पहिल्यांदा आत गेला आणि तिथलाच झाला. भिंतीवर काठ्या ठेवायची लाकडी घोडी होती, तिच्यात उरलेल्या जुन्या काठ्या होत्या. त्यातल्या बऱ्या बऱ्या बाबू लोकांनी धरल्या. टिकारामच्या वाट्याला आली नंबर चार. ती सुरणाच्या कोंबाइतकी सुद्धा सरळ नव्हती. पण टिकारामनं तिचा वाक ओळखला, कोणती बाजू वर धरली की वाक आड येत नाही ते शोधलं, आणि बुडाशी ब्लेडनं बारीकशी खूण करून ठेवली. तेव्हापासून त्या लंगडीनं त्याला कधी दगा दिला नाही. पंपाच्या पाळीवरून सुटला की तोंड धुवायच्या आधी तो क्लबात. चेंडूला चेंडू लागला आणि टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशाच्या कडेवर अडखळून आत पडला की त्याच्या अंगावर काटा येई.

मंडईच्या दिवशी गोंदियाशी सामना असे. गोंदियाकडून भोजराज खेळे. एका बिडीवाल्या शेठचा तो मुनीम, आणि शेठच्या बंगल्यात टेबल होतं. अंगानं भरलेला, तोंडात पान, हसण्यात मिश्किलपणा. मागच्या दोन्ही वर्षी त्यानं टिकारामला हरवलं होतं, तेही अगदी थोडक्यात. जिंकणाऱ्याला मिळणारी चांदीची ढाल गोंदियात जाऊन बसली होती. ही टोचणी टिकारामला पंपाशी बसल्या बसल्या छळत असे.

तर आता काठी आली. लाइन पेटून उठली. भेटेल तो विचारे, "का रे, काढली का कलकत्तेवाली?" आणि टिकाराम म्हणे, "काढतो नं. आज काढतो."

एकदा काढली त्यानं. क्लबात नेली, सगळ्यांदेखत खेळला आणि घामाघूम झाला. काठी सरळ होती, हेच वाईट झालं! हाताला सवय वाकड्या काठीची. नकळत मनगट वळे आणि चेंडू खिशाच्या तोंडावरून परत येई. शिवाय टेबलाच्या लाकडी कडेला काठी घासली की त्याच्या काळजाला घासे. दुसऱ्या दिवसापासून काठी पेटीत आणि टिकाराम पुन्हा नंबर चारवर.

"जपून ठेवतो, बा," त्यानं बापाला सांगितलं. "मंडईलेच काढतो."

महागूनं मान हलवली. पण म्हातारा विचार करत होता. पोरगा काठीला भितो, म्हणजे काठी कच्ची असणार. नवी काठी कच्चीच असते. मग तिला पक्की करायला हवी. यात त्याला काही शंका वाटायचं कारणच नव्हतं. जन्मभर त्यानं लाठ्या पक्क्या केल्या होत्या.

मंडई तोंडावर आली आणि एके दिवशी दुपारी टिकाराम पाळीवरून घरी आला, तर घरात जवसाच्या तेलाचा वास. चटणी केली असेल म्हणून तो चुलीकडे गेला. चूल थंड. वास परसातून येत होता. परसात आंब्याला टेकून बांबूचं एक पोकळ नळकांडं उभं केलेलं, खालची गाठ शाबूत, तोंडापर्यंत तेल. आणि त्यात कलकत्त्याची काठी, डोकं खाली, पाय वर.

त्यानं काठी बाहेर ओढली. टोकावरची चामड्याची टिकली तेल पिऊन बोरासारखी फुगली होती. त्यानं बोट लावलं तर ती सुटून त्याच्या हातात आली.

"बा!" तो ओरडला. आयुष्यात बापावर तो पहिल्यांदा ओरडला. "का केलं हे?"

महागू बाजेवरून उठून आला. "काठीले तेल पाजलं. बारीक टोक खाली ठेवलं, तेच आधी तिडकते. अजून दोन रोज पाजतो, मंग पाह्य कशी होते तं."

"अरे, हे लाठी नोहे, बा! हे मारामारीची लाठी नोहे! या टिकलीले तेल लागलं का चेंडू सरकते, अन् तू तं तिचं सरबत करून टाकलं! एवढा पैसा घातला, सारा पाण्यात! काहून घेतली होती तू? कोनं सांगितलं होतं घ्याले?"

सत्यभामा दारात आली. महागूनं टिकारामच्या हातातली ती फुगलेली टिकली घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि खाली बसला.

"आपला मोठा साहेब होता नं," तो हळू आवाजात म्हणाला, "त्याची सोताची काठी होती. अशाच पेटीत. मोटरीतून उतरला का पेटी माया हातात दे. मी ते दारापर्यंत आणो. दारात दुसरा माणूस घे. मी मंग वरांड्यात जाऊन पंख्याची दोरी वढो. भितीतल्या भोकातून दोरी आत जाये, मी नाई. आत टकटक आयकू ये. मी म्हणो, का असंन बाप्पा त्या पेटीत? इतके वर्स वाह्यली, पण उघडलेली कधी पाह्यली नाई." त्यानं टिकली तळव्यावर ठेवली. "पैसा आला तवा म्हटलं, एक पेटी आपल्या दारात उघडाची. तुया नावाची. बस."

टिकाराम बापासमोर खाली बसला. महागूला आत जायची मुभा का नव्हती, हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर महागूनं पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या, पण ती एक पेटी त्याच्या मनात राहिली होती. आणि आपण तीच पेटी बंद करून खाटेखाली सारली! टिकारामला स्वतःची अशी चीड आली की त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"फकिराकडे जातो," तो उठत म्हणाला.

फकिरा बाजारातल्या वडाखाली बसणारा मोची. त्यानं काठीचं टोक बोटानं चाचपलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "तेल चांगलं हाय." मग कोरड्या राखेत ते टोक खुपसून ठेवलं, दिवसभर तेल ओढू दिलं, जाड म्हशीच्या कातड्याचा एक गोल तुकडा हातोडीनं ठोकून ठोकून दगडासारखा केला आणि सरसानं चिकटवून दोऱ्यानं करकचून बांधला. बाबूलालनं तो पाहून डोक्याला हात लावला. "कलकत्ते के क्यू को जूते का तला लगा दिया! वाह रे बालाघाट!"

काठी दुरुस्त झाली खरी, पण टिकाराम करून बघायला गेला तर दहात चारदा टिकली सरकून चेंडू भलतीकडे. मंडईच्या आदल्या संध्याकाळी त्यानं सत्यभामाला सांगितलं, "काठी तिथं नेतो. पेटी उघडून बाजूले ठेवतो. पण खेळतो नंबर चारनं."

"अन् बाले कोण सांगीन?"

"कोणी नाई. ते का आत येते? वरांड्यातच बसते."

सत्यभामानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, भोजराज परवडला.

मंडईच्या दिवशी बालाघाटात पाय ठेवायला जागा नव्हती. परसवाड्याकडून बैलगाड्या, गोंदियाकडून गाडीभर माणसं. ऊस, बत्तासे, फुगे, बांगड्या, आणि मैदानात रात्रीच्या दंडारीच्या नाचगाण्याचा मांडव. खाणीचा भोंगा वाजला आणि पहिली पाळी सुटली तशी अर्धी मंडई क्लबाकडे वळली. टेबलाभोवती माणसं दाटीवाटीनं, बाकांवर माणसं, खिडक्यांच्या गजांना माणसं. एका खिडकीच्या गजामागे, वरांड्यात, महागू उभा होता. त्याला दोघा-तिघांनी आत बोलावलं. "मी अठीच बरा," तो म्हणाला.

टिकारामनं पेटी उघडून बाकावर ठेवली. मखमल पाहायला गोंदियावाल्यांनी माना पुढं काढल्या. मग तो, जणू सहजच, घोडीकडे सरकला.

पण क्लबाचा एक जुना रिवाज होता. पाहुण्यानं काठी आधी निवडायची. भोजराज पान चघळत पुढं आला, घोडीवरून बोट फिरवलं आणि थेट नंबर चारवर ठेवलं.

"हे घेतो," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला. "सालोसाल पाहून राह्यलो, टिकारामभाऊ. तुमचा मंतर याच काठीत हाय. अन् तुमाले का कमी? तुमाले तं कलकत्ता हाय!"

खोली हसली. टिकारामच्या पायाखालची फरशी गेली. त्यानं कलकत्त्याची काठी उचलली, निळा खडू असा घासला की अर्धा बोटांवरच उडाला, आणि वाकला.

पहिलाच मार. टिकली सरकली. पांढऱ्या चेंडूला नुसतं खरवडलं आणि तो घरंगळत जाऊन कोपऱ्यात रुसून बसला. गोंदियावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. "तेल जास्त झालं, तेल!" लाइनीतलंच कोणी तरी ओरडलं. घरचा भेदी लंका दाही, दुसरं काय! टिकारामचे कान लाल झाले. खिडकीकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

भोजराज ऐटीत वाकला, सोपा लाल चेंडू हेरला, मारला. चेंडू खिशाच्या बाजूनं हसत निघून गेला. भोजराजनं काठीकडे पाहिलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं काठी डोळ्याशी धरली. "हे काठी हाय का सापाची जात?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाकावरून आवाज आला. म्हण खरी, पण इथं अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्या वाकाची ब्लेडची खूण फक्त टिकारामला ठाऊक होती. तो तोंडातल्या तोंडात हसला. त्या हसण्यानं त्याचा श्वास मोकळा झाला. पुढच्या वेळी तो वाकला तेव्हा त्याला एक नवल कळलं. काठी बोटांवरून सळकन जात होती. अडकत नव्हती, घामानं चिकटत नव्हती. बापाचं जवसाचं तेल टिकलीला बाधलं होतं, पण लाकडाला मानवलं होतं! मनगट आपोआप सरळ राहिलं. लाल चेंडू गेला. पाठोपाठ निळा. पुन्हा लाल.

"सहा! सात!" बाबूलाल ओरडू लागला, आणि लाइन नाचू लागली.

पण भोजराज काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. वाकड्या काठीनंही त्यानं चुकत-माकत गुण गोळा केले. टिकारामची टिकली अधूनमधून सरके आणि हातची संधी जाई. टेबलावर थोडेच चेंडू उरले तेव्हा भोजराज थोडा पुढं होता. तेवढ्यात त्याचा एक हमखास मार हुकला आणि तो वैतागून हसला. "घ्या बाप्पा तुमची लंगडी परत! मले नोको. मी दुसरी घेतो. हरकत नाई नं?"

हरकत कसली! बाबूलालनं मान हलवली. भोजराजनं नंबर दोन घेतली आणि नंबर चार आणून टिकारामच्या हातात ठेवली.

ती हातात आली आणि टिकारामला घरी आल्यासारखं वाटलं. अंगठा आपोआप खुणेवर गेला. हिच्यानं उरलेले चेंडू तो डोळे मिटून घालू शकत होता. ढाल समोर दिसत होती. त्यानं कलकत्त्याची काठी भिंतीला टेकवली, आणि टेकवता टेकवता त्याची नजर खिडकीकडे गेली. महागू गज धरून उभा होता. तो टेबलाकडे पाहत नव्हता, टिकारामकडेही नाही. भिंतीला टेकलेल्या काठीकडे पाहत होता.

आणि त्या गलक्यात टिकारामला स्वतःचं भय स्पष्ट दिसलं. काठीला ओरखडा पडेल, टिकली सरकेल, ही सगळी सोंगं होती. लंगडी काठी घेऊन हरलो तर लोक म्हणतील, काठीच तशी, बिचारा काय करील. पण स्वतःच्या नावाची काठी घेऊन हरलो तर हरणारा टिकाराम महागू मेश्राम असेल, दुसरं कोणी नाही. त्यालाच तो भीत होता. छत्री बगलेत घेऊन भिजणारा माणूस!

त्यानं नंबर चार घोडीत नेऊन ठेवली.

"अबे, का करून राह्यला!" लाइन ओरडली. "पागल हो गया क्या?" बाबूलाल पुटपुटला. टिकारामनं ऐकलं नाही. त्यानं आपली काठी घेतली, खडू लावला आणि वाकला.

मग जो खेळ झाला तसा त्या टेबलावर साहेबांच्या काळातही झाला नसेल. सरळ काठी हाती आल्यावर भोजराज वाघ झाला. हिरवा टिकारामनं घातला, तपकिरी भोजराजनं. निळा टिकारामचा, गुलाबी भोजराजचा. माणसं श्वास धरून बसलेली, आणि चेंडू पडला की छप्पर उडेल असा कल्ला. शेवटी टेबलावर उरला एकटा काळा. जो घालील त्याची ढाल.

भोजराजनं मारला. काळा खिशाच्या दोन्ही कडांना लागला, थरथरला, आणि बाहेर येऊन टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला थांबला. गोंदियाच्या बाजूनं असा सुस्कारा निघाला की पडदे हलावे.

टिकाराम वाकला. लांबचा मार होता, सगळं टेबल ओलांडून. टिकली सरकली तर संपलं. त्याच्या बोटांना जवसाच्या तेलाचा मंद वास येत होता. त्यानं काठी एकदा मागे घेतली, दोनदा घेतली, आणि सोडली.

टक.

पांढरा गेला तो सरळ गेला. काळ्याला लागला. काळा धावला, कोपऱ्याशी पोहोचला आणि क्षणभरही न रेंगाळता आत गडप झाला.

पुढचं काही वेळ कोणालाच नीट आठवत नाही. टिकाराम जमिनीवर नव्हता एवढं नक्की, कारण त्याला चौघांनी उचललं होतं. बाबूलाल रडत होता. भोजराजनं पानाचा डबा उघडून सगळ्यांना पान वाटलं आणि टिकारामला मिठी मारून म्हणाला, "काठीले लाजवलं नाई, भाऊ!" पण टिकाराम खाली उतरायला धडपडत होता. उतरला तसा गर्दी कापत तो वरांड्यात गेला आणि बापाचा हात धरून त्याला ओढत आत घेऊन आला.

महागू दारात चप्पल काढायला वाकला. "राहू दे, बा," टिकाराम म्हणाला. माणसांनी वाट दिली. म्हातारा टेबलाशी आला. आधी त्यानं हिरव्या कापडावर हळूच तळवा ठेवला. "मऊ हाय बे," तो म्हणाला. टिकारामनं पांढरा चेंडू ठेवला, त्याच्या पुढं थोड्या अंतरावर एक लाल ठेवला, आणि काठी बापाच्या हातात दिली.

"मी?"

"मार."

महागूनं काठी दोन्ही मुठींत पकडली, लाठी धरतात तशी. बाबूलालच्या डोळ्यांपुढं फाटलेलं कापड उभं राहिलं असणार, त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं आणि म्हणाला, "मारो काका." महागूनं मारलं. पांढरा चेंडू लालच्या जवळूनही गेला नाही. तो पलीकडच्या कडेवर आपटला, सावकाश परत आला आणि महागूच्या पोटासमोर येऊन थांबला.

महागूनं भोवताली पाहिलं, बाबूलालकडे, भोजराजकडे, सगळ्यांकडे.

"अजून एक मारू काय?" त्यानं विचारलं.

टिकारामनं खडू बापापुढं सरकवला. "इचारून काहून राह्यला, बा? काठी आपली हाय."

मग महागू मेश्राम मारतच राहिला. मैदानात दंडारीची ढोलकी सुरू झाली, तरी खोलीतला एकही माणूस उठला नाही. आणि कधी तरी लाल चेंडू एकदाचा खिशात पडला, तेव्हा जो कल्ला झाला, तो टिकारामनं ढाल जिंकली तेव्हाही झाला नव्हता.